नाकापेक्षा मोती जड होण्याआधी

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यातून दिंडोशीच्या डोंगराशी जी नागरी निवाऱ्याची वसाहत उभी राहिली, तिथे आम्ही राहायला आलो त्याला आता तीस वर्षे होत आली. इथे अजून शेजार नावाची गोष्ट शिल्लक आहे. दार उघडेच होते. आमच्याच मजल्यावरची, माझ्या डोळ्यांदेखत रांगायला लागलेली आणि आता चोविशीत आलेली मुलगी आत आली, आणि हातातला कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ''काका, एक सही हवीय.''

कागद पतपेढीच्या कर्जाच्या अर्जाचा होता. रक्कम दोन लाख. जामीनदार दोन. एका जागी तिच्या मावसभावाची सही झालेली, दुसरी जागा माझ्यासाठी मोकळी. आयुष्यभर बँकेत कर्जखात्यावर काढलेल्या माणसाची नजर कुठे जाते? 'कर्जाचे प्रयोजन' या रकान्याकडे. तिथे 'वैयक्तिक' एवढेच लिहिलेले. मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. नुसते स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवले.

ती चित्रपट, मालिकांत लहानसहान कामे करते. आमच्या वस्तीत त्याचे नवल नाही. दादासाहेब फाळके चित्रनगरी हाकेच्या अंतरावर. सकाळी फिरायला बाहेर पडावे तर फिल्मसिटी रोडच्या रिक्षांच्या रांगेत, खांद्यावर पिशवी आणि हातात हँगरवरचे कपडे घेतलेली अशी चार-दोन मुले-मुली हमखास दिसतात. तिला कुठल्याशा निवडचाचणीत कोणी सांगितले होते, की समोरून चेहरा छान आहे, पण बाजूने कॅमेरा लावला की नाक मार खाते. हे वाक्य तिने सहा महिने मनात ठेवले आणि शेवटी एका दवाखान्यातून खर्चाचा अंदाज घेऊन आली.

माझे भाषण तयारच होते. देवाने दिलेले रूप, अंतरंगाचे सौंदर्य, हल्लीच्या पिढीची घाई वगैरे. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, ''काका, मला सगळ्यात पहिल्यांदा 'नकटू' कोण म्हणालं, आठवतं का तुम्हाला?''

आठवत होते. मीच म्हणालो होतो. तिच्या बारशाला, पाळण्यात वाकून. लाडाने. पुढे सगळा मजला तिला तेच म्हणू लागला, मग शाळेच्या बसमधली मुले. तिच्या आवाजात राग नव्हता. जुन्या खातेवहीतली नोंद दाखवावी तसे ती बोलली होती. माझे भाषण जागच्या जागी विरून गेले.

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. मी काही कादंबऱ्या लिहिल्या आहेत. कपाटातून त्या काढून चाळल्या. माझी प्रत्येक नायिका चाफेकळी नाकाची! जिथे जिथे एखादी कजाग वहिनी किंवा कारस्थानी मावशी आली, तिथे तिथे नाक पोपटाच्या चोचीसारखे, नाहीतर फेंगडे. लिहिताना कधी जाणवलेही नव्हते. आणि मी एकटाच कशाला? आपली भाषाच पाहा. अब्रू गेली की नाक कापले जाते, शरण गेले की नाक घासावे लागते, दमछाक झाली की नाकी नऊ येतात, आणि लग्नात अडचणी आल्या तर त्या सतराशे विघ्नांचे खापर बिचाऱ्या नकटीच्या माथी. नाशिकच्या नावाचा संबंधसुद्धा लोक शूर्पणखेच्या नाकाशी जोडतात. मुलगी पाहायला आलेली मंडळी 'नाकीडोळी नीटस' हे शब्द जिथे जन्मभर वापरत आली, तिथल्या मुलीने नाकाचा विचार केला तर तिला उथळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

म्हणून आज मी नाकाची शस्त्रक्रिया करावी की करू नये, यावर निकाल देणार नाही. पण कर्ज मंजूर करण्यापूर्वी जसे आम्ही चार प्रश्न विचारायचो, तसे प्रश्न या बाबतीतही विचारायला हवेत, आणि ते घरातल्या मोठ्यांनी समजून घ्यायला हवेत, एवढेच सांगायचे आहे.

त्याआधी एक जुनी हकिगत. नाकाची शस्त्रक्रिया हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला पुण्याला न्यावे. १७९२ साली टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक गाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. त्याचे नाव वृत्तान्तात कावसजी असे आले आहे. नाव पारशी वाटते, पण वृत्तान्त त्याला मराठा शेतकरी म्हणतो. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक बनवून ते सपाट केले, कपाळावर ठेवून त्याची आकृती आखली, तेवढी कातडी सोडवून, खालचा एक धागा तसाच ठेवून, ती वळवून नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला वापरला काथ. आपल्या विड्यातला काथ! पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती घातल्या. पंचवीस दिवसांच्या सुमारास कपाळाशी राहिलेला जोड कापला.

मुंबई इलाख्याचे क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर हे सारे पाहत होते. १७९४ सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह ही हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने वीस वर्षे विचार केला, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली ही शस्त्रक्रिया स्वतः केली. त्यावर १८१६ साली पुस्तक लिहिले. युरोपात ही विद्या पसरली ती अशी. तिचे मूळ आणखी मागे, सुश्रुतसंहितेत आहे. वेलीचे पान मापाला घेऊन गालाची कातडी काढावी आणि श्वासासाठी नाकात दोन नळ्या ठेवाव्यात, असे तिथे सांगितले आहे.

या हकिगतीत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक, त्या अनामिक कारागिराला श्वासाची आठवण होती. नाक नुसते दिसायला नको, त्यातून हवा जायला हवी, हे त्याला पक्के ठाऊक होते. दुसरी, कावसजीचा हातही गेला होता. हात गेला तर पोट जाते, नाक गेले तर तोंड दाखवता येत नाही. माणसाने नाकासाठी पंचवीस दिवस यातना सोसल्या त्या लोकांत वावरता यावे म्हणून. तेव्हा 'दिसण्यासाठी' हा शब्द आपण वाटतो तितका हलका नाही.

तरीही, गेलेले नाक परत मिळवणे आणि असलेले नाक बदलणे यांत अंतर आहे. चांगल्या नाकाला हात घालण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. १८८७ साली अमेरिकेत जॉन रो या डॉक्टराने बाहेर व्रण न ठेवता दुरुस्त केले ते नकटेच नाक होते, आणि १८९८ पासून बर्लिनच्या जाक जोसेफने या शाखेचा पाया घातला. सरकारही हे अंतर मानते. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात यांमुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया जीएसटीच्या २०१७ च्या सवलतीत वैद्यकीय सेवा म्हणून बसते; केवळ सौंदर्यासाठीची बसत नाही. आरोग्यविम्याच्या पॉलिसीतही सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च साधारणपणे वगळलेला असतो. म्हणजे सगळा भार आपल्या खिशावर. आता प्रश्नांकडे येऊ.

पहिला प्रश्न प्रयोजनाचा. तक्रार कोणाची आहे? आपली, की दुसऱ्याची? स्वतःला वर्षानुवर्षे एक गोष्ट खुपते आहे, ती नेमकी कोणती हे शांतपणे सांगता येते, आणि ती बदलली तरी आयुष्य बदलणार नाही हे कळते, अशा माणसाला समाधान मिळण्याची शक्यता बरी. पण कोणाच्या एका वाक्यावर, मोडलेल्या लग्नानंतर किंवा गेलेल्या कामानंतर महिन्याभरात घेतलेला निर्णय कच्चा. कर्जाच्या भाषेत सांगायचे तर, ज्या ऑर्डरच्या भरवशावर यंत्र घ्यायचे, ती ऑर्डर हातात आहे का? नाक बदलल्यावर काम देऊ, असे तिला कोणीही लिहून दिलेले नव्हते.

यात आणखी एक पेच आहे. हल्ली आपण स्वतःला आरशापेक्षा मोबाइलमध्ये अधिक पाहतो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जी गोष्ट भिंगाच्या सर्वांत जवळ, ती मोठी दिसते. आणि चेहऱ्यात सर्वांत पुढे असते नाक. अमेरिकेत २०१८ साली डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवला, की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त दिसते. तेव्हा निर्णय घेण्याआधी कोणाकडून तरी पाच-सहा फुटांवरून फोटो काढून घ्यावेत. शिवाय काही जणांना किरकोळ किंवा नसलेल्या दोषाचा ध्यास लागतो. दिवसातून तासन्तास आरसा, घराबाहेर पडणे बंद, फोटोत हात नाकावर. हा मनाचा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि तो सुरीने बरा होत नाही. एक नाक झाले की दुसरी उणीव सापडते. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज कसली?

दुसरा प्रश्न श्वासाचा. नाक हवा गाळते, ओली करते, ऊबदार करते. नाकाचे हाड किंवा कूर्चा बेताबाहेर कमी केली तर आतली वाट अरुंद होऊ शकते. रूप मिळते आणि रात्री तोंड उघडे ठेवून निजावे लागते. उलट, नाकाचा पडदा मुळात वाकडा असेल तर त्याच वेळी तो सरळही करता येतो. म्हणून डॉक्टरांनी नाक बाहेरून पाहिले की आतूनही, हे विचारलेच पाहिजे. नाकाच्या बाबतीत साधी वाटणारी शस्त्रक्रियाही साधी नसते. २००० सालची विश्वसुंदरी प्रियांका चोप्रा हिने २०२१ साली आलेल्या 'अनफिनिश्ड' या आत्मकथनात आपला अनुभव लिहिला आहे. नाकातला मांसल कोंब काढताना नाकाच्या दांड्यालाच इजा झाली, चेहरा बदलला, हातातली कामे गेली, आणि पुढे दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

तिसरा प्रश्न, होण्यासारखे काय आणि न होण्यासारखे काय? नाक म्हणजे ओल्या मातीचा गोळा नव्हे. हाड आणि कूर्चा यांच्या सांगाड्यावर कातडीचे आवरण. आपल्याकडे अनेकांची कातडी जाड असते. अशा आवरणाखाली शेंडा कितीही कोरला तरी तो बाहेर फारसा उमटत नाही. बसके नाक उंच करायला पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा लागते. सिलिकॉन वापरले तर ते सरकण्याचा, संसर्गाचा किंवा कातडीबाहेर येण्याचा धोका उरतो. संगणकावर दाखवलेले नवे नाक हा अंदाज असतो, करारपत्र नव्हे. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाच ते पंधरा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ही दुसरी खेप पहिलीपेक्षा अवघड, कारण कूर्चा वापरून संपलेली असते आणि आत व्रण धरलेला असतो. तीही साधारण वर्षभर थांबूनच करतात.

चौथा प्रश्न वेळेचा. आठवडाभर नाकावर आधाराची पट्टी, डोळ्यांभोवती काळेनिळे वळ, दोनेक आठवडे लोकांत जाणे नको. काही आठवडे नाकावर चष्म्याचा भार नको, धक्काबुक्की नको. (पश्चिम रेल्वेने सकाळी साडेआठला मालाडहून चर्चगेटला जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.) शेंडा काही महिने बधिर राहू शकतो. सूज बरीचशी महिन्या-दोन महिन्यांत उतरते, पण नाकाचा खरा आकार कळायला वर्ष लागते. लग्नाच्या महिनाभर आधी नाक करायला निघालेल्यांना हे कोणी सांगत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी काही आठवडे ती सोडावी लागते, आणि अ‍ॅस्पिरिनपासून काढ्या-चूर्णांपर्यंत काय काय घेतो हे डॉक्टरांना सांगावे लागते. वयाचेही भान हवे. नाकाची वाढ मुलींची साधारण सोळा-सतराव्या, मुलांची त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी पुरी होते. दहावीच्या सुट्टीत मुलीचे नाक करून टाकू, हा विचार पालकांनी मनातून काढावा.

पाचवा प्रश्न, सुरी कोणाच्या हातात? प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी असलेले, किंवा नाक-कान-घशाचे एम.एस. होऊन याच कामाचा अनुभव असलेले डॉक्टर, यांच्याकडेच जावे. दारावरच्या पाटीवर 'कॉस्मेटिक' हा शब्द कोणीही लिहू शकतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासावी. भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री काही झाले तर अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारावे. खर्चाचा अंदाज दिला आणि 'आजच पैसे भरलेत तर सवलत' म्हणाले, तर तिथून उठावे. हा मी बँकेतला अनुभव सांगतो: घाई करणाऱ्याच्या कागदात बहुधा काहीतरी खोट असते. केईएम, शीव, नायर, जे. जे. या रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचे विभाग आहेत. दुसरे मत घ्यायला तिथेही जाता येते. आणि 'बिनशस्त्रक्रियेचे नाक' म्हणून सुईने भरणी घालतात, ती तर निर्धोक असेलच असे समजू नये. सुईतला पदार्थ रक्तवाहिनीत शिरला तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते.

सहावा प्रश्न पैशाचा, तो माझ्या हातखंड्यातला. दोन लाख रुपये, चौदा टक्क्यांनी, तीन वर्षे. हप्ता महिना सहा हजार आठशेच्या आसपास. तीन वर्षांत व्याजच सेहेचाळीस हजार. ज्याचे काम कधी महिन्याला वीस दिवस, कधी दोन दिवस, त्याने हा हप्ता कशाच्या जोरावर भरायचा? दुसरी खेप करावी लागली तर त्याचे पैसे कुठून? नाकापेक्षा मोती जड, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. साठवलेल्या पैशातून केलेली शस्त्रक्रिया आणि कर्जातून केलेली शस्त्रक्रिया यांत आणखी एक फरक आहे. साठवायला दोन वर्षे लागतात, आणि दोन वर्षांनीही इच्छा टिकली तर ती खरी असते.

सातवा प्रश्न मुलीसाठी नाही, आपल्यासाठी आहे. घरात आपण काय बोलतो? 'बापाचं नाक घेऊन आली' हे वाक्य कौतुकाचे की कीव करणारे, हे मुलांना आवाजावरून कळते. चिडवणे हा आपल्याकडे प्रेमाचा प्रकार समजला जातो. चिडवणारा विसरतो. ज्याला चिडवले तो वीस वर्षांनी कर्जाचा अर्ज घेऊन येतो.

पुढच्या रविवारी मी तिला बोलावले. आधी माफी मागितली. ती ''काहीतरीच काय काका'' म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग हे सगळे प्रश्न मी तिला लिहून दिले, आणि सांगितले, की तू शिकलेली आहेस, चेहरा तुझा आहे, निर्णय तुझाच. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून या प्रश्नांची उत्तरे घेऊन ये. उत्तरे ऐकूनही वाटले, तर मी सही करीन. आणि नाही वाटले, तर त्याचा अर्थ तू हरलीस असा नाही.

एका डॉक्टरांकडे ती जाऊन आली आहे. तिचा पडदा थोडा वाकडा निघाला. लहानपणापासून सर्दीने ती रात्री तोंडाने श्वास घेते, हे आम्ही कोणी कधी लक्षातच घेतले नव्हते. सगळ्यांचे लक्ष नाकाच्या शेंड्याकडे! दुसऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. सोबत ये असे तिने आईला सांगितले आहे, ही मला त्यातल्या त्यात बरी खूण वाटते.

अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्रयोजनाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक' खोडून 'नाकाची शस्त्रक्रिया' असे स्पष्ट लिहिले आहे. सहीची जागा कोरी आहे. आणि आमच्या मजल्यावर आता सगळे तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतात. माझी जीभ अजून अधूनमधून घसरते. पण मी सुधारतो आहे.